गाडीला खांदा नसतो

वाशिम जिल्ह्यातल्या मालेगावात बस स्टँडच्या अलीकडे माझं जनरल स्टोअर्स आहे. वह्या, बांगड्या, प्लास्टिकचे डबे आणि पोरासोरांची खेळणी, असा सगळा माल. घर किन्हीराजाला, जाणंयेणं मोटारसायकलने. एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. पुढे मी ज्या गाड्यांच्या कार्टूनला शिव्या देणार आहे, त्या गाड्या मी स्वतः दुकानात विकतो. विकणाऱ्याने शिव्या देऊ नयेत असा काही कायदा नाही. उलट त्यालाच त्या जरा नेमक्या देता येतात.

हे कार्टून म्हणजे खेळण्यातल्या गाड्यांच्या शर्यतीचं. तसलं एक असतं तर सोडून दिलं असतं, पण मोबाइलवर त्यांची रांग लागलेली आहे. एक संपलं की दुसरं आपोआप सुरू होतं, मालिका झाली की सिनेमा. गोष्ट मात्र सगळ्यांची एकच. लाल गाडी चांगली, काळी गाडी वाईट. काळी गाडी दर शर्यतीत लबाडी करते, रस्त्यावर तेल सांडते, पूल पाडते, आणि पुढच्या शर्यतीला तिलाच पुन्हा रांगेत उभी करतात. आमच्या गावच्या कबड्डीतसुद्धा असल्या खेळाडूला वर्षभर कोणी मैदानात पाऊल टाकू दिलं नसतं. कार्टूनमध्ये तिला कोणी हटकतसुद्धा नाही.

आणि तो रस्ता! तो आधी आभाळात चढतो, मग उलटा होतो, मग पेटलेल्या डोंगरातून जातो आणि एका भल्या मोठ्या मगरीच्या जबड्यातून बाहेर पडतो. हा रस्ता कोणी मंजूर केला, कोणी बांधला, मगरीच्या तोंडात मुरूम कोणी टाकला, याची चौकशी कोणी करत नाही. त्या रस्त्यावर म्हैस बसलेली नसते. सोयाबीनचं कुटार, म्हणजे भुसा, भरलेला ट्रॅक्टर समोरून दिवे न लावता येत नाही. कोणाचं पेट्रोल संपत नाही. गाडी दरीत पडते, तिची चाकं चार दिशांना जातात, आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत ती पुन्हा नवी कोरी होऊन हिंदीत भाषण देते. दोस्ती, हिंमत, हार नहीं मानना. माझी पोरगी दुसरीत आहे. ती घरात वऱ्हाडी बोलते, पण भाजी आवडली नाही की त्या लाल गाडीच्या आवाजात हिंदीतून सांगते. माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

दुकानदार म्हणून मला त्यातलं खरं इंगित कळतं. नवी मालिका आली की थोड्याच दिवसांत तिच्यातल्या गाड्या खोक्यातून माझ्या काउंटरवर येतात. मधे एक हिरवी गाडी आली. तिला बेडकासारखे डोळे होते. मला वाटलं, हा काय नमुना! आठवडा गेला नसेल, तर मालिकेत त्या हिरव्या गाडीने कोणाचा तरी जीव वाचवला, आणि पोरं आईबापांचा हात ओढत दुकानात आली. म्हणजे आधी खेळणं तयार होतं, मग त्याला शोभेल अशी गोष्ट शोधतात. आधी बाजारात सोयाबीन विकायचं आणि मग ते पेरायला वावर हुडकायचं, असा सगळा प्रकार.

नुसत्या पोरीने पाहिलं असतं तर मी एवढा चिडलो नसतो. पोरं काहीही पाहतात. पण आमच्या घरात तिच्या शेजारी लोळून, डोळे फाडून ते पाहणारा माझा धाकटा भाऊ होता. मिशा असलेला माणूस.

हा माझा भाऊ धुरकरी. म्हणजे शंकरपटाच्या शर्यतीत बैलजोडीच्या मागे हलका छकडा बांधतात, त्यावर उभा राहून जोडी हाकणारा. शेती त्याच्याकडे, दुकान माझ्याकडे, अशी आमची वाटणी. मला बैलांतलं ओ की ठो कळत नाही. त्याला बैलांशिवाय दुसरं काही कळत नाही. पटाच्या दिवशी तो जोडीच्या कानात काहीतरी पुटपुटायचा. मी एकदा विचारलं तर म्हणाला, "तुले सांगून काय फायदा, तू तं प्लास्टिक इकतं."

गेल्या उन्हाळ्यात शेजारच्या तालुक्यातल्या एका पटात छकड्याचं चाक खड्ड्यात गेलं आणि तो उजव्या खांद्यावर पडला. बैल थांबले नाहीत. रिकामा छकडा घेऊन ते सरळ रेषेपार गेले. वेळही चांगली आली. लोकांनी टाळ्या पिटल्या आणि भोंग्यावरून कोणीतरी ओरडलं, "पाहा बाप्पा, धुरकऱ्याबिगर जोडी जास्त पयते!" सगळं मैदान हसलं. माझा भाऊ तेव्हा मातीत पडून ते ऐकत होता.

खांद्याचं हाड मोडलं होतं. वाशिमला ऑपरेशन झालं, आत पट्टी बसली, हाड जुळलं. नंतर डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की आता रोज हात थोडा थोडा वर न्यायला लावा. दुखेल, ओरडेल, तरी लावा. नाहीतर खांदा जागीच आखडेल आणि मग जन्मभर त्या हाताने घाससुद्धा तोंडाशी नेता येणार नाही. मी हे घरी येऊन सगळ्यांदेखत सांगितलं. भाऊ मान हलवून मागच्या खोलीत गेला, खाटेवर आडवा झाला, आणि पुतणीला हाक मारून म्हणाला, "आन वं तुह्या गाड्या."

तेव्हापासून तो खोलीतून बाहेर पडला नाही. म्हणजे बाहेर जाण्यापुरता जायचा, पण गावात नाही, गोठ्यात नाही, आणि चुलीपाशी आमच्या पंगतीला तर नाहीच. माझी बायको ताट आत नेऊन द्यायची. तो डाव्या हाताने जेवायचा. उजवा हात पोटावर पडलेला असायचा, दुसऱ्याचा ठेवायला दिल्यासारखा. पेरणी मी ट्रॅक्टर लावून उरकली, तेव्हाही तो उठला नाही. बैलांना चारापाणी करायला मी एक गडी लावला. आणि संध्याकाळी दुकानातून घरी आलो की मागच्या खोलीतून तीच ती घर्रघर्र. लाल गाडी पडली. लाल गाडी जुळली. लाल गाडी जिंकली.

मी एकदा दारात उभा राहून म्हणालो, "अबे, तू खरा पट मारणारा माणूस. हे काय पाहून राह्यला?"

तो मोबाइलवरची नजर न काढता म्हणाला, "इथं पडलं तं कोणी हासत नाई, दादा."

मला त्याचा राग येत होता, पण त्याच्यावर काढवत नव्हता. सगळा राग मग मी त्या गाड्यांवर काढला. मोबाइल लपवला, तर पोरीने शोधला. नेटचा रिचार्ज मारला नाही, तर बायकोने शेजाऱ्याकडून मारून घेतला. म्हणाली, "भाऊजी निदान कोणाशी बोलून तं राह्यले." बोलून म्हणजे काय, तर काळी गाडी आता कुठून येईल यावर पुतणीशी पैजा लावायचा. आणि हरायचासुद्धा.

अशात पोळा आला.

आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांची खांदशेकणी असते. वर्षभर ज्या खांद्यावर जू राहिलं, तो खांदा कोमट पाण्याने शेकतात, पळसाच्या पानाने त्याला हळद आणि तूप लावतात. मग बैलापुढे हात जोडून त्याला दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतण देतात. हे सगळं दरवर्षी भाऊ करायचा. यंदा मी खोलीत जाऊन विचारलं, तर म्हणाला, "तूच कर. मायी काय गरज हाय त्याहिले."

म्हणून मी केलं. बायकोने पितळी गंजात पाणी तापवून दिलं, वाटीत हळद-तूप दिलं. मी पान पाण्यात बुडवून पहिल्या बैलाच्या खांद्यावर ठेवलं मात्र, त्याने असा झटका दिला की गंज एकीकडे आणि मी शेणात. आतून भावाचा आवाज आला, "दादा, बैल भाजून राह्यला का? आधी आपल्या हातावर पाह्य ना पाणी!" मी कपाळावर हात मारला. मगरीच्या जबड्यातून सुटणाऱ्या गाडीचे आवाज चालू असताना याला बैलाने पाय आपटलेला बरोबर ऐकू आला होता.

पाणी निवू दिलं आणि पुन्हा शेकायला लागलो, तर पोरगी शेजारी येऊन उभी. हातात लाल गाडी. बोनेटला हळदीचा पट्टा, तुपाने सगळी चिकट झालेली.

"बाबा, इचा खांदा कोठी असते?"

"काय?"

"हे बी वढते ना. मंग इची बी खांदशेकणी करा लागते."

दिवसभर तापलेलं डोकं, अंगाला शेण, आणि पुढ्यात ती गाडी. मी खेकसलो, "गाडीले खांदा नसते. तिले काई वढा लागत नाई, तिले काई दुखत नाई. पडली तं जुयते. जिले दुखतच नाई तिले कायले शेकायचं?"

पोरीने गाडीकडे पाहिलं, बैलाच्या खांद्याकडे पाहिलं. मग गाडी गव्हाणीत टाकली आणि म्हणाली, "काकाले तं दुखते."

मी काही म्हणायच्या आत तिने वाटी आणि पान उचललं आणि आत गेली. मी हात न धुता मागोमाग गेलो. मला वाटलं, आता हा तिच्यावर ओरडेल, आणि तो पोरीवर ओरडला तर मी त्याला आज सोडणार नाही.

भाऊ उघड्या अंगाने पडला होता, छातीवर मोबाइल. पोरीने पान हळदीच्या तुपात बुडवलं आणि टाक्यांच्या व्रणावर ठेवलं.

"काय करून राह्यली वं?"

"खांदशेकणी. हालू नको."

तो हलला नाही. माझी बायको दारात तोंडाला पदर लावून उभी होती. पोरीने व्रणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तूप चोळलं, अगदी गोठ्यात पाहिलं होतं तसं. मग ती खाटेपासून दोन पावलं मागे सरली, हात जोडले, आणि घरच्या बैलाला म्हणतात तेच शब्द काकाला म्हणाली. "आज आवतण घ्या, उद्या जेवाले या."

भावाने तोंड भिंतीकडे फिरवलं. मोबाइल घसरून खाटेवर पडला, आणि त्यातल्या गाड्या पळत राहिल्या. आम्ही तिघं बाहेर आलो. पोरीने विचारलं, "आला नाई तं?" मी म्हटलं, "आवतण आपलं, येणं त्याचं." खरं तर तो येणार नाही, याची मला खात्री होती.

दुसऱ्या दिवशी गड्याने बैल सजवून तोरणाखाली नेले. मीही गेलो. लोकांनी विचारलं, धुरकरी कुठे. एकाने तो भोंग्यावरचा विनोद पुन्हा केला. मी त्याला त्याच्या मोटारसायकलच्या थकलेल्या हप्त्यांविषयी विचारलं, तेव्हा तो गर्दीत मिसळला.

तोरण तुटलं, पोळा फुटला, बैल दारात आले. बायकोने पाय धुतले, ओवाळलं, पुरणपोळीचं ताट पुढे केलं. एका बैलाने पोळी जिभेने ओढून घेतली. दुसरा मात्र ताटाकडे न पाहता मान वाकडी करून घरात पाहत होता. मी म्हटलं, "खाय ना बाप्पा." तर तो ढिम्म.

तेवढ्यात मागच्या खोलीचं दार वाजलं. भाऊ बाहेर आला. दाढी वाढलेली, खांद्यावर कालची हळद वाळून गेलेली. तो कोणाकडेच न पाहता ओट्यावर बसला, बैलांच्या अगदी तोंडाशी, आणि खाली पाहत म्हणाला, "वैनी, मले बी आवतण होतं."

बायकोने ताट आणलं. पोरगी समोर येऊन बसली. त्याने सवयीने डावा हात पुढे केला, तर ती म्हणाली, "हा नाई. काल शेकला तो."

त्याने पोळीचा तुकडा उजव्या हातात घेतला आणि हात उचलायला लागला. एवढ्या महिन्यांनी पहिल्यांदा. कपाळावर घाम आला, दात आवळले गेले, आणि मग त्याने अशी सणसणीत शिवी हासडली की शेजारची म्हातारी काय झालं म्हणून भिंतीवरून डोकावली. हात छातीपर्यंत आला. पुढे येईना. आत खाटेवर मोबाइल तसाच चालू होता, आणि कोणतीतरी गाडी कोणालातरी हरवून हिंदीत भाषण देत होती. ते ऐकायला खोलीत कोणी नव्हतं.

मी मदतीला पुढे झालो, तर बायकोने माझा सदरा धरून मला मागे ओढलं.

भावाने एक दम घेतला. हात वर येत नाही म्हटल्यावर त्याने मान खाली आणली, बैल आणतो तशी, आणि घास तोंडात घेतला. मग दुसरा तुकडा तोडला आणि त्याच हाताने त्या अडून बसलेल्या बैलापुढे धरला.