पत्ता नसलेलं वचन

"ऊठ गं. खुर्च्या पाहुण्यांसाठी आहेत. तुमची चटई तिकडं."

बाईंनी सगळ्यांदेखत सांगितलं. नांदेडच्या चर्चमधी महिला सभेची पाठांतर स्पर्धा होती. मुदखेडहून आम्ही सात जणी गेलो होतो. मी नाव दिलेलं, म्हणून पुढच्या रांगेत बसलेली. उठले. चटईवर जाऊन बसले. राग न्हाई आला मला. लई खोटं कशाला बोलू, उलट बरंच वाटलं. देवाचं सांगणं पाळलं असं वाटलं.

या बाई म्हंजे आमच्याच मुदखेडच्या, रिटायर झालेल्या मास्तरीण. तीन पिढ्यांच्या ख्रिस्ती. आम्ही आत्ता आत्ताचे, माझ्या आईपासून. चौदा वर्षं मी त्यांच्या घरी भांडी घासली. मला वाचता येत न्हाई. मी मोरीपाशी बसायची, बाई ओट्याला टेकून वचन वाचायच्या, मी घासत घासत म्हणायची. आधी वचन, मग त्याचा पत्ता. कुठलं पुस्तक, कितवा अध्याय, कितवी ओवी. पत्त्याबिगर वचन म्हणायचंच न्हाई, ही आमच्यातली रीत. अशी साठ वचनं पाठ झाली माझी.

आन् ती कामाला आली. सासू गेली तव्हा पाळक गावात न्हवते. मातीपाशी सगळे नुसते उभे. पुस्तक होतं, पण वाचणाऱ्याला रडू आवरंना. मीच मेंढपाळाचं स्तोत्र सुरू केलं, शेवटपर्यंत नेलं. पोरगी तापानं फणफणली तव्हा दवाखान्याच्या बाकावर तेच. भाकरी थापताना एका भाकरीला एक वचन. जिंदगीत माझ्या मालकीचं म्हणावं असं तेवढंच होतं.

तर स्पर्धा. लातूरहून आलेले म्हातारे पाळक परीक्षक होते. माझी दहा वचनं झाली, कान्यामात्रेचा फरक न्हाई. ते खूश झाले. म्हणले, "मावशी, रोजच्या जगण्यात कोणतं वचन पाळता, ते एक सांगा."

मी बाईंकडं बघितलं. त्यांना आनंद होईल असं वाटलं मला. म्हणलं, "जो दास आपल्या धन्यासमोर आसन घेत नाही, त्याला परमेश्वर उंच करील."

पाळक थांबले. "पत्ता?"

"त्याला पत्ता न्हाई, पाळकसाहेब. लहान वचन हाय ते."

बाया हसल्या. खुर्च्यांवरच्या जास्त. पाळक हसले न्हाईत. हळूच म्हणले, "असं वचन शास्त्रात नाही, मावशी."

माझे कान गरम झाले. आन् मग बाई बोलल्या, हसत हसत, "अहो, अडाणी आहे ती. ऐकून ऐकून काहीबाही जोडते."

मी जोडते? मी? साठ वचनांत एक शब्द इकडचा तिकडं केला न्हाई मी!

मला तो दिवस आठवला. आठवा महिना होता मला. पाय सुजलेले. फरशी पुसता पुसता चक्कर आली, म्हणून त्यांच्या जेवणाच्या टेबलापाशी खुर्चीवर टेकले. बाई आत आल्या. ओरडल्या न्हाईत. गोड आवाजात म्हणल्या, "आज एक नवीन वचन घे." खुर्ची सोडून मी खाली बसले आन् ते वचन घेतलं. पत्ता विचारला तर म्हणल्या, "लहान वचनाला पत्ता नसतो." तेव्हापासून त्या घरात मी कधी वर बसले न्हाई. चहा बी मागच्या दाराशी उभ्यानं पिला.

सभेतच बोलले मी, चटईवरून उठून. "बाई, हे तुम्ही दिलतं. मी पोटुशी होते त्या दिवशी."

"देवाच्या घरात खोटं बोलू नकोस."

माझ्या गावच्या सहा जणी चटईचे धागे उपसत बसल्या. पाळकांनी प्रार्थनेला सुरुवात केली.

घरी येऊन पोरीला बसवलं. सातवीत हाय. म्हणलं, माझं एक एक वचन मोबाईलवर काढ आन् ताडून बघ. भीती ही, की सगळीच बाईंची निघाली तर? मंग मातीपाशी मी काय म्हणलं? दोन संध्याकाळी लागल्या. एकोणसाठ खरी निघाली, पत्त्यासकट. एक बाईंची.

पोरगी मोबाईल खाली ठेवून म्हणली, "आई, मी पण म्हणूनच त्यांच्या सोफ्यावर बसत नव्हते गं. तूच शिकवलंस मला."

तिथं माझं काळीज फाटलं. बाईंनी मला फसवलं, ते मी गिळलं असतं. पण त्यांचं विष मी माझ्या हातानं पोरीला पाजलं, तेबी देवाचं नाव घेऊन. लई रडले. मंग तोंड धुतलं.

काम सोडलं. नवरा कुरकुरला, कुरकुरू दे. आता रोज पोरीपुढं पाटी घेऊन बसते. जोडाक्षरं छळून राहिलीत, पण सोडणार न्हाई. पाठांतर बी सोडणार न्हाई. एकोणसाठ वचनं माझी हायत, ती काय बाईंच्या बापाची न्हाईत.

परवा बाईंनी निरोप धाडला. निरोपात क्षमेचं वचन होतं, ह्यावेळी पत्त्यासकट. मी उलटा निरोप दिला: ते मला आधीच पाठ हाय. क्षमा करायची का, ते मी आन् माझा देव बघू. पण ती ओळ तुमची होती, हे तुम्ही मंडळीसमोर उभं राहून सांगा. तोवर दर रविवारी, पहिलं गीत सुरू व्हायच्या आधी, मी उभी राहून विचारणार.

दोन रविवार विचारलं. दोन्ही वेळा बाईंनी पेटी मोठ्यानं वाजवली; आमच्या चर्चमधी पेटी त्याच वाजवतात. ह्या रविवारी मी पेटीच्या बाजूलाच उभी राहणार हाय.