अक्कांनी दुपटं आईंच्या हातात दिलं

परवा धुळ्याला अक्कांचं तेरावं झालं. अक्का म्हणजे माझ्या मोठ्या जाऊबाई. पाहुणे पांगले, घर शांत झालं... आणि पन्नासेक वर्षांपूर्वीची एक दुपार डोळ्यांसमोरून हलेना. म्हणून लिहितेय.

मी जळगावची. लग्न होऊन धुळ्याजवळच्या एका खेड्यात आले, सत्तरच्या आसपास. आई मी लहान असतानाच गेलेली, त्यामुळे पहिलं बाळंतपणसुद्धा सासरीच झालं. हे नोकरीला भुसावळला, रविवारी तेवढे यायचे. घरात सासूबाई, अक्का, भाऊजी आणि मी.

पौषातली कडाक्याची थंडी होती. मुलगा झाला, पण त्याला झोप म्हणून नव्हती. जरा डोळा लागला की हात फेकून दचकायचा आणि रडत उठायचा... त्याच्याबरोबर मीही रडायचे.

माझ्या मनाला मात्र वेगळंच लागत होतं. शेजारच्या बायका येऊन बाळाला घेत होत्या, पण घरातल्या दोघी त्याला हात लावत नव्हत्या. माझ्या खाण्यापिण्याचं सगळं वेळेवर, डिंकाचे लाडू, शेक, शेगडी... फक्त बाळाकडे कुणी बघत नव्हतं.

एकदा मी सासूबाईंना म्हटलं, "आई, याला जरा दुपट्यात गुंडाळून द्या ना. मला जमत नाही." त्या दोन पावलं मागे सरकल्या. "मना हातमां नको दे त्याले," एवढंच अहिराणीत बोलल्या आणि निघून गेल्या.

रविवारी हे आले तेव्हा मी भांडलेच. माझ्या मुलाचं काही वावडं आहे का तुमच्या घराला, म्हणून. तेव्हा कुठे यांनी सांगितलं.

आमच्या लग्नाच्या आधी अक्कांना मुलगी झाली होती. अशाच थंडीत. वारा लागू नये म्हणून आईंनी तिला घट्ट आवळून गुंडाळलं, वरून गोधडी घातली, तोंडावरूनही ओढली. त्या काळी सगळेच तसं करायचे. सकाळी मुलगी उठलीच नाही.

तेव्हापासून दोघी एका चुलीपुढे बसत होत्या, एका ताटात भाकरी काढत होत्या. पण त्या मुलीबद्दल घरात एक शब्द निघाला नव्हता. अक्कांना पुन्हा दिवसही गेले नव्हते.

हे परत भुसावळला गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी बाळ असं काही रडायला लागलं की थांबेचना. मी दुपट्यात गुंडाळायची, तो हात बाहेर काढायचा. अक्का अंगणात मिरच्या निवडत होत्या. त्या उठल्या, हात धुतले, धुऊन पुन्हा धुतले... आणि पहिल्यांदा माझ्या खोलीत येऊन खाटेवर बसल्या.

मला वाटलं, बाळाला घेतील. त्यांनी हाक मारली ती सासूबाईंना. "आई, इकडे या."

सासूबाई दाराशी येऊन उभ्या राहिल्या. अक्कांनी आपल्या जुन्या लुगड्याचं मऊ दुपटं त्यांच्यापुढे धरलं. "तुमी गुंडाळा. मी सांगस तसं."

"नही, पोरी. मना हात थरथरतस."

"थरथरू द्या. मी शे ना जवळ."

सासूबाई खाली बसल्या. अक्का सांगत होत्या, अगदी हळू आवाजात. कापड खांद्याच्या खाली ठेवा. हात छातीशी घ्या. आता आपला पंजा आत घालून बघा, सहज जायला हवा, छाती हलली पाहिजे. पाय बांधू नका, त्याला गुडघे वर घेऊ द्या. उताणं निजवा. "आन् तोंड उघडं राहू द्या, आई. वर काही नको."

बाळाचं रडणं कमी होत गेलं... आणि तो झोपला. सासूबाईंचा पंजा अजून त्या दुपट्यातच होता. त्यांनी तो काढला नाही. तशाच ओणव्या होऊन त्या हमसून हमसून रडायला लागल्या.

अक्कांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "तुमी मुद्दाम थोडंच करं?" म्हणाल्या. मग त्याही रडल्या. मी भिंतीला टेकून बसले होते.

नंतर मी अक्कांना विचारलं, हे सगळं तुम्हाला कुठून माहीत? मुलगी गेल्यावर त्या धुळ्याला एका डॉक्टरीणबाईंकडे गेल्या होत्या. कशानं गेली हे आता कुणालाच नक्की सांगता येणार नाही, असं त्या बाई म्हणाल्या. पण बाळ कसं गुंडाळावं ते त्यांनी नीट करून दाखवलं होतं. "पुढच्या बाळासाठी शिकी लिधं होतं," अक्का म्हणाल्या. पुढचं बाळ काही झालं नाही.

माझी तिन्ही मुलं त्या दोघींच्या हातांत वाढली. सासूबाईंच्या शेवटच्या आजारपणात त्यांना भरवलं, पुसलं, कूस बदलून दिली ती अक्कांनीच.

खूप वर्षांनी, दोघीच शेंगा फोडत बसलो असताना, मी भीतभीत विचारलं होतं... मुलीचं नाव काय ठेवलं होतं? बारसं झालंच नव्हतं तिचं. "मनात ठेवलं होतं," अक्का म्हणाल्या आणि त्यांनी ते नाव मला सांगितलं. वर म्हणाल्या, कोणाले सांगू नको.

म्हणून इथेही लिहीत नाही. पण ते नाव माहीत असलेली आता मी एकटीच उरलेय... रोज एकदा मनातल्या मनात घेते.