दिवाळीचा थर्मोस्टॅट

आमच्या घरी दिवाळीच्या चकल्या तळून झाल्या की गॅसवर थर्मोस्टॅट चढायचा. लोकांना ही थट्टा वाटते, पण भोपाळच्या आमच्या टाउनशिपमध्ये, निदान आमच्या ओळीतल्या क्वार्टरांत, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तेलाची कढई उतरली की हे बनियनवर स्वयंपाकघरात यायचे, दुधाच्या जुन्या पातेल्यात पाणी घ्यायचे आणि त्यात शिवणाच्या दोऱ्याने एक पितळी चकती सोडायचे. पाणी चांगलं तापलं की चकतीच्या मधलं झाकण हळूच वर उचललं जाई. "उघडलं!" असं हे ओरडायचे, मुलगी टाळ्या पिटायची, आणि मी म्हणायचे, झालं असेल तर ओटा मोकळा करा, माझे शंकरपाळे व्हायचेत अजून.

थर्मोस्टॅट म्हणजे इंजिनातल्या पाण्याच्या वाटेवरचं दार. इंजिन गार असलं की ते बंद राहतं, म्हणजे आतलं पाणी आतच फिरतं आणि इंजिनाला लवकर ऊब येते. इंजिन तापलं की दार उघडतं आणि पाणी गार व्हायला रेडिएटरकडे जातं. हे मला ह्यांनीच शिकवलं, लग्नाच्या पहिल्या वर्षी, मी विचारलेलं नसताना. इकडचे मेकॅनिक हे दार काढून फेकूनच देतात. भोपाळच्या उन्हाळ्यात बंद दार कुणाला हवंय, असं त्यांचं म्हणणं. ह्यांना ते पटत नसे. पण एका मे महिन्यात नागपूरला जाताना बैतूलच्या पुढे गाडी अशी उकळली की आम्ही तिघं अर्धा दिवस रस्त्याच्या कडेला पळसाखाली बसलो, आणि मी जे बोलायचं ते सगळं बोलून घेतलं. तेव्हापासून ह्यांनी तडजोड केली. होळी झाली की दार काढायचं, दिवाळीला तपासून परत बसवायचं. मधले महिने ती चकती माझ्या ताब्यात, वेलदोड्याच्या डबीत, मसाल्याच्या फळीवर. "माझ्या पेटीत हरवेल. तुझ्या स्वयंपाकघरात काही हरवत नाही," असं म्हणायचे. एवढ्या संसारात तेवढीच एक स्तुती माझ्या पदरात पडली.

हे कारखान्यात टेस्टिंगला होते. तिथे काय तपासायचे ते मला कधी नीट कळलं नाही, पण थंडीच्या सकाळी आमच्या फाटकाशी काय चालायचं ते रोज दिसायचं. डिसेंबर-जानेवारीत टाउनशिपच्या मोकळ्या माळावर धुकं उतरायचं आणि ओळीतल्या अर्ध्या गाड्या रुसून बसायच्या. मग कुणी ना कुणी मफलर गुंडाळून यायचं, "सर, ज़रा देख लीजिए." हे आधी पान्याला हात लावत नसत. प्रश्न विचारायचे. गार असताना त्रास देते की तापल्यावर? काटा कुठपर्यंत चढतो? आणि सगळ्यात शेवटी, ठरलेला प्रश्न: "आख़िरी बार क्या खोला था?" मग समोरचा माणूस ओशाळून सांगायचा की हो, मागच्या आठवड्यात अमुक उघडलं होतं. आजार बहुतेक वेळा तिथेच सापडायचा. मग हे मोठा पेचकस इंजिनाला टेकवायचे, त्याची मूठ कानाला लावायचे आणि डोळे मिटून ऐकायचे. मी चहा घेऊन उभी असले तरी खुणेनेच थांब म्हणायचे. मला त्याचा राग यायचा. माझं बोलणं इतक्या लक्ष देऊन त्यांनी कधी ऐकलं नाही, हे मी त्यांना तोंडावर सांगितलेलंही आहे.

रिटायर झाल्यावर क्वार्टर सोडलं आणि सोनागिरीत घर घेतलं. टाउनशिप हाकेच्या अंतरावर, त्यामुळे माणसं तीच, मफलरही तेच. गाडीही तीच, चोक ओढून सुरू करायची जुनी पेट्रोल गाडी. मुलगी लग्न होऊन पुण्याला गेली. ती सुट्टीत आली तेव्हा तिनेच मला बाजूला घेऊन सांगितलं, "आई, बाबा एकच गोष्ट तीनदा विचारतायत." मी म्हटलं, तुझे बाबा पहिल्यापासून ऐकत नाहीत, मग विचारावं लागतंच. पण ती हट्टाने आम्हाला साकेत नगरच्या मोठ्या हॉस्पिटलात घेऊन गेली. तिथे एका तरुण डॉक्टरीणबाईंनी ह्यांना घड्याळ काढायला सांगितलं. ज्या माणसाने जन्मभर मोजमापाची यंत्रं हाताळली त्याने सगळे आकडे एका बाजूला कोंबले आणि काटे बाहेर काढले. डॉक्टरीणबाई हळू आवाजात म्हणाल्या की विसरणं वाढत जाईल, गोळ्यांनी वेग थोडा कमी होईल, परत मागे येणं नाही.

बाहेर पार्किंगमध्ये कुणाची तरी गाडी घरघरत होती. हे जाता जाता थांबले, मान तिरकी केली आणि त्या अनोळखी माणसाला म्हणाले, "फ़ैन बेल्ट ढीली है आपकी." त्याने बॉनेट उघडून बघितलं तर खरंच सैल होता. मी मुलीकडे बघितलं. मला त्या क्षणी इतका आनंद झाला की लाज वाटावी. घड्याळाचं चित्र कुणाचंही चुकेल. मी मनाशी पक्कं केलं की हा माणूस जोवर गाडीचा आजार ओळखतोय तोवर डॉक्टरीणबाईंचं म्हणणं खरं नाही.

त्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर नागपूरला माझे थोरले दीर गेले. सुतक आलं. कंदील नाही, रांगोळी नाही, कढई चढलीच नाही. शेजारणी रीतीप्रमाणे फराळाची ताटं घेऊन आल्या, ती आम्ही नुसती बघितली. भाऊ गेल्याचं ह्यांना कधी आठवायचं, कधी नाही. नाही आठवलं की मी पुन्हा सांगायची आणि हे पुन्हा पहिल्यासारखे रडायचे. पुढे पुढे मी सांगणं सोडून दिलं.

मग थंडी पडली आणि गाडी रुसली.

सकाळी सेल्फ मारला की नुसती कण्हायची. चोक पूर्ण ओढून कशीबशी उठायची, आणि चोक आत ढकलला की बंद. चालवून आणली तरी तापमानाचा काटा तळाला पडलेला तो पडलेलाच. ह्यांनी बॅटरी बदलली. प्लग काढले तर ते काजळीने काळे झालेले, ते घासले, परत बसवले, परत काळे. कार्बोरेटर उघडून ओट्यावर वर्तमानपत्र पसरून धुतला. शेवटी म्हणाले, काट्याचा मीटरच खराब आहे. पण मीटर खराब असल्यामुळे गाडी बंद कशी पडेल, हे माझ्यासारख्या बाईलाही कळत होतं.

मला पहिल्याच दिवशी कळलं होतं, कारण पोह्यांची फोडणी करताना वेलदोड्याची डबी माझ्या डोळ्यांसमोर होती. दार बसवलेलंच नव्हतं. बिचारं इंजिन दिवसभर थंड पाण्यात बसल्यासारखं चालत होतं. आणि त्यात ह्यांची काय चूक? दिवाळीच झाली नाही, चकल्याच तळल्या नाहीत, तर थर्मोस्टॅट कसा आठवणार? मी स्वतःला हेच सांगत राहिले. सुतकामुळे राहिलं, दुसरं काही नाही.

एका वाक्यात सांगून मोकळी झाले असते. पण मी सांगितलं नाही. मला ते ह्यांनीच शोधायला हवं होतं. मी रोज खिडकीतून बघायची. हे बॉनेट उघडून उभे, पेचकस कानाला, डोळे मिटलेले. मी मनात म्हणायची, विचारा ना, तुमचा तो शेवटचा प्रश्न विचारा. आख़िरी बार क्या खोला था? सगळ्या टाउनशिपला विचारलात, एकदा स्वतःला विचारा. देवापुढे दिवा लावतानाही माझं हेच मागणं असायचं. देवाला थर्मोस्टॅट मागणारी मी एकटीच असेन.

एक दिवस ह्यांच्या हाताखाली काम केलेले शेजारचे गृहस्थ आले. त्यांनी काटा बघितला आणि अदबीने विचारलं, "सर, थर्मोस्टेट लगा है ना इसमें?"

हे ताडकन म्हणाले, "लगा है. लगा क्यों नहीं होगा?"

ते गृहस्थ माझ्याकडे बघायला लागले. मी मान खाली घातली. पण खरं सांगते, मला धीर आला. म्हणजे नाव ठाऊक आहे, जागा ठाऊक आहे. फक्त काढल्याचं विसरलेत. एवढं तर कुणीही विसरतं. आता एक छोटासा धक्का दिला की झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तेच जुनं पातेलं काढलं. पाणी ठेवलं. डबीतली चकती दोऱ्याला बांधून आत सोडली, जशी हे सोडायचे तशी. मग हाक मारली, "अहो, इकडे या जरा."

हे आले. गॅसपाशी उभे राहिले. पाण्यावर वाफ धरायला लागली. मी पातेल्याकडे न बघता ह्यांच्या तोंडाकडे बघत होते. झाकण हळूच वर उचललं गेलं. ह्यांच्या चेहऱ्यावर हसू फुटलं, अगदी पूर्वीसारखं. मी वाट बघत होते की आता म्हणतील, उघडलं!

"हे काय आहे गं?" हे म्हणाले.

मी गॅस बारीक केला. मग सांगितलं, जसं लग्नाच्या पहिल्या वर्षी मला सांगितलं होतं तसंच. हे इंजिनातलं दार आहे. गार असलं की बंद, तापलं की उघडं. ह्यांनी सगळं लक्ष देऊन ऐकलं, मध्ये एकदाही तोडलं नाही. माझं बोलणं इतकं मन लावून हे पहिल्यांदाच ऐकत होते. ऐकून झाल्यावर म्हणाले, "छान आहे. कुणाच्या डोक्यातून निघालं?"

मी गॅस बंद केला आणि तशीच पोळपाटावर हात टेकून उभी राहिले. त्या दिवशी पोळ्या केल्या नाहीत, भातावर भागवलं.

शेजारच्या गृहस्थांनी दुपारी येऊन ती चकती जागेवर बसवली आणि नवे प्लग लावले. ह्यांना वाईट वाटू नये म्हणून ते सारखं "सर, आपने तो बताया ही था" असं म्हणत होते. पुढच्या सकाळी धुकं होतं, तरी गाडी दुसऱ्या सेल्फला उठली. हे चालकाच्या जागेवर बसले, मी शेजारी. फाटकातच उभी करून चालू ठेवली. चोक आत गेला, तरी बंद पडली नाही. काटा हलला, वर सरकला, आणि मध्यावर येऊन शांत उभा राहिला. सगळं आयुष्य हे लोकांना सांगत आले की काटा मध्यावर म्हणजे गाडीची तब्येत ठणठणीत.

ह्यांनी काट्याकडे बघितलं आणि घाबरून चावी फिरवली. गाडी बंद झाली.

"तापतेय," हे म्हणाले. "गार होऊ दे."

लग्न झाल्यापासून ह्यांची कुठलीच गोष्ट मी वाद न घालता मान्य केली नव्हती.

"हो," मी म्हटलं. "तापतेय."

आणि इंजिन गार होईपर्यंत आम्ही दोघं तिथेच बसून राहिलो.