थोरलीचा पंप

आमची थोरली जाऊ भर पंगतीत दम्याचा पंप घ्यायची. आम्ही बाकीच्या बायका खोकला आला तरी पदर तोंडाशी नेतो. ही बाई पाटावर बसल्या बसल्या पिशवीतून पंप काढायची, ओढायची, श्वास धरून डोळे मिटायची आणि मग वाढप्याला म्हणायची, "हं, वाढ आता." तरी दिसायची अशी रुबाबदार, की माझा नुसता जळफळाट व्हायचा.

आर्वीत आमचं किराणा दुकान, मागे घर, दोघींची चूल एकच. माझ्या मिनूलाही दमा. पोर माझी आणि छाती मात्र मोठ्या आईवर, म्हणजे थोरलीवर गेली, हेच मला खुपायचं.

मिनूचे पंप दोन होते. एक रोजचा, एक धाप लागली की घ्यायचा. रोहणा गावी एका लग्नाला निघताना मी साडीला शोभेल अशी पर्स बदलली आणि नव्या पर्समध्ये नेमका रोजचाच तेवढा आला. मांडवात होमाचा धूर झाला, मिनूची छाती वाजायला लागली. मी पर्स उलटीपालटी करतेय तोवर थोरलीनं आपला पंप तिच्या तोंडाला लावला आणि गाडीत घालून दवाखान्यात नेलं. वाटभर मिनूनं हात धरला होता तो तिचा.

तिथेही तीच बोलली. "मले रोजचा अन् धापेचा एकच पंप हाय, हिले चालंल का?" डॉक्टरांनी दुसऱ्याचा पंप वापरल्याबद्दल आधी दटावलं, मग मिनूला तपासून तिचा स्वतःचा तसाच लिहून दिला. जास्तीत जास्त कितीदा घ्यायचा, घेतल्यावर गुळण्या करायच्या, कधी सरळ दवाखाना गाठायचा, तेही बजावलं. जुने दोन्ही बंद झाले.

"सकाळ-संध्याकाळ हाच, अन् धाप लागली तं बी हाच," थोरली मिनूला सांगायची. "बरं वाटून राह्यलं म्हणून सोडजो नको."

मिनूची धाप खरंच कमी झाली. पण मग रोज सकाळी दोघी मोरीशी उभ्या. सोबत पंप, सोबत गुळण्या, वर खिदळणं. मी चहा घेऊन उंबऱ्यात. एकदा मीही तांब्या घेऊन शेजारी उभी राहिले, तर मिनू म्हणाली, "आई, तू काऊन? तुले कुठं दमा हाय?" आपल्याला दमा असावा असं कुणाला वाटतं का? मला वाटलं, देवाशपथ.

गेल्या वर्षी थोरली पिपरी मेघेला मुलाकडे राहायला गेली. एसटी स्टँडवर मी सगळ्यांत मोठ्यानं रडले आणि घरी येऊन मस्त झोपले. दुसऱ्या दिवशी मोरीशी मिनूसाठी कोमट पाणी काढून मी तयार उभी. ती आली, एका हातात पंप, दुसऱ्या हातात ग्लास, आणि बगलेत मोबाइल.

"आई, हा धर ना जरा."

पडद्यावर थोरली, पंप घेऊन तयार.

आता रोज सकाळी त्या दोघी गुळण्या करतात आणि फोन मी धरते. थोरली तिकडून म्हणते, "जरा वर धर वं, पोरगी दिसून नाई राह्यली."

मी वर धरते.