घुंगरांची जागा

मालवीय नगरातले उमाकांत खरे म्हणजे कानाचा हट्टी माणूस. कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झाले, पण जीव सगळा अल्बम ऐकण्यात. जुनी तबकडी असो की फोनवरचा कालचा अल्बम, दार लावून, हेडफोन घालून ऐकायचा आणि मत लिहायचं. तबकडीचं मत पाकिटाच्या आत, पेन्सिलीनं, तारखेसकट. भीडभाड कसली ती नाही, पोटच्या पोरीचीसुद्धा!

पोरगी गौतमी दिल्लीत. तीन वर्षं खपून पहिला अल्बम केला आणि सगळ्यांआधी बाबांना पाठवला. बाबांनी काय कळवावं? "चौथ्या गाण्यात मधे नुसती रिकामी जागा. शुद्ध आळस." झालं! महिनाभर पोरीचा फोन नाही.

"जागा कशी भरतात ते दाखवतो तुला," म्हणत एका सकाळी त्यांनी बायकोला, प्रज्ञाताईंना, पोळ्या सोडून बाहेर बोलावलं. जुनी तबकडी लावली. पाकिटात त्यांचंच अक्षर, १९८४ सालचं: "गाणं थांबतं, मागे फक्त घुंगरू. अंगावर काटा आला."

गाणं थांबलं. मागे काहीच नाही.

"सुई गेली मेली! त्या राजा पार्कच्या सुया विकणाऱ्या भैयाला सांगून थकलो." वर्षभरात ही तिसरी सुई. चौथी बसवली. तेच.

"अहो, वाजतायत की घुंगरू," प्रज्ञाताई म्हणाल्या.

उमाकांतरावांनी फोनवर गौतमीचं चौथं गाणं लावलं. ती जागा आली. "आणि इथे?"

"इथेही आहेत. किती नाजूक वाजवलेत हो!"

देवा रे, काय करून बसलो मी! त्यांनी फोन लावला, स्पीकर सुरू केला.

"बाबा, तो हिस्सा मी काढून टाकला," गौतमी म्हणाली. "तुम्ही बोललात ना, आळस. मतलब, आज दुपारी अल्बम तसाच निघतोय."

"नको! परत घाल तो, आत्ताच्या आत्ता!"

"आता का, बाबा?"

काय सांगणार? आयुष्यभर ज्या कानांचा तोरा मिरवला, त्यांचं काय सांगणार?

"मला ऐकू येत नाही गं, बाळा. घुंगरू होते. मलाच ऐकू आले नाहीत."

पलीकडे ती गप्प होती, की हळू काही बोलत होती, त्यांना कळेना. प्रज्ञाताईंनी डोळ्यांना पदर लावला होता. उमाकांतरावांनी त्यांचा हात घट्ट धरला.

"काय म्हणते ती? सांग ना गं, काय म्हणते?"