बिनडोळ्यांची भुलाबाई

माझी आत्या मातीत कापूस कालवायची. भुलाबाईची मूर्ती करायची तर आमची काळी माती एकटी कामाची नाही, वाळली की तडकते. म्हणून ती कापसाचे पुंजके बोटांनी पिंजून मातीत घालायची आणि कणकेसारखी मळत बसायची. कापसाला सोन्याचा भाव आला त्या सालात बाबा तिला चिडवायचे, "सोनं मातीत घालून राह्यली तू!" आत्या म्हणायची, "दादा, देवीच्याच पोटात जाऊन राह्यलं, बाहेर कुठी नाई गेलं."

भादव्याच्या पुनवेला भुलाबाई माहेरी येते आणि कोजागिरीला परत जाते. तो महिनाभर आम्ही पोरी संध्याकाळी दारोदार गाणी म्हणत फिरायचो आणि झाकून आणलेली खिरापत ओळखायचो. गाणी साऱ्या गावाची तीच, पण आमच्या घरी आत्या मधेच स्वतःच्या ओळी घुसडायची. शेजारची खाष्ट सासू गाण्यात यायची, तिचा हलणारा दातसुद्धा यायचा, आणि ती म्हातारी रागावायचं सोडून तोंडात पदर कोंबून हसायची. माझा आत्यावर फार जीव होता. मायपेक्षा जास्त, हे सांगायला आता कुणाची चोरी नाही.

आत्याचा उजवा कान गेलेला होता. तिचं सासर अकोल्याच्या बाजूला. मूल होत नाही म्हणून नवऱ्यानं दुसरी केली, आणि पुढं एके दिवशी आत्या एकटीच पायी चालत आमच्या दारात येऊन उभी राहिली. कान कशानं गेला हे तिनं सांगितलं नाही. माय तिला न्हाऊ घालायची, तेव्हा तिनं तिची पाठ पाहिली होती. "परत गेली तं जित्ती नाई राहत," असं माय बाबांना म्हणाली, ते मी ऐकलं. सासरच्यांनी काही तिची चौकशी केली नाही. आम्हाला वाटलं, सुटली बिचारी.

मग कापूस चढला. सातासमुद्रापलीकडे कुठं लढाई लागली होती म्हणे, आणि त्यापायी आमच्या वऱ्हाडात लोकांनी ज्वारीची रानं मोडून कापूस पेरला. अमरावतीच्या बाजाराला जाणाऱ्या गाड्यांनी रस्ता दिवसभर धुळीत असायचा. बैलांच्या शिंगांना पितळेच्या शेंब्या आल्या. कापूस उदंड झाला, पण वेचायला बाया मिळेनात. ज्याच्या घरात बायका जास्त, तो भाग्यवान. तेव्हा कुठं आत्याच्या सासरच्यांना आठवलं, आपली एक सून माहेरी पडून आहे. त्यांचा निरोप आला, भुलाबाई उठली की न्यायला येतो.

आमच्याकडे भुलाबाई बसलेली असताना लेकीला सासरी धाडत नाहीत. ही रीत त्यांनाही मान्य होती, म्हणून तेवढी मुदत मिळाली. त्यानंतर नाही म्हणायची सोय नव्हती. नांदायला बोलावलेली बहीण भावानं घरात कोंडून ठेवली, असं म्हणायला सारं गाव टपलेलं होतं.

त्या निरोपापासून घरात भीती राहायला आली. रस्त्यावर घुंगरमाळ वाजली की मायचा भाकरी थापणारा हात थांबायचा. आत्याला उजवीकडचं ऐकू येत नसे, म्हणून ती दाराकडे डावा कान करून बसायची. तिची ती वळवलेली मान मला अजून दिसते.

त्या वर्षीची मूर्ती सगळ्यात देखणी झाली. नथ, गळसरी, हिरवी चोळी, ओठांच्या कडेला जरासं हसू. डोळे तेवढे राहिले. दरवर्षी पुनवेच्या सकाळी आत्या काजळात ज्वारीच्या धांड्याची काडी बुडवून डोळे रेखायची. डोळे उघडले की भुलाबाई आली, असा आमचा हिशेब. त्या सकाळी ती काजळाची डबी घेऊन बसली आणि तशीच उठली.

"काहून व बाई, डोये राह्यले," माय म्हणाली.

"राहू दे वहिनी. डोये नाई, तं ती आली नाई. आली नाई, तं जाईल कशी?"

मायनं बाबांकडे पाहिलं. त्या दिवशी बाबा दोन घास जास्त जेवले.

महिनाभर आम्ही त्या कोऱ्या तोंडापुढं गाणी म्हटली. वरून पांढरी माती फासलेला गुळगुळीत चेहरा, खाली हसू आणि वर काहीच नाही. पोरी मान खाली घालून गायच्या आणि खिरापत हातात पडली की पळायच्या. मीसुद्धा मूर्ती बसवलेल्या कोनाड्यासमोरून जाताना भिंतीकडे तोंड करायची.

कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याचा भासरा, म्हणजे तिच्या नवऱ्याचा मोठा भाऊ, छकडा घेऊन आला. माणूस आडदांड, पण देवाधर्माला भारी भिणारा. शेंदूर फासलेला दगड दिसला की लांबूनच जोडे काढायचा. बाबांनी त्याला थेट कोनाड्यापुढं नेऊन उभं केलं.

"पाहा सोयरे. देवी अजून बसलीच नाई. तिले उठवू कशी? अन् ती उठल्याबिगर लेक धाडू कशी?"

त्यानं ते तोंड पाहिलं आणि त्याचा हात आपोआप कपाळाला गेला. "हे काय करून ठेवलं तुमी!" म्हणाला. "डोये झाले की येतो." पाणीसुद्धा न पिता गेला. त्या दिवशी मायनं पुरण घातलं, आणि आत्याच्या गाण्यात भासऱ्याचे जोडे आले.

आनंद फार टिकला नाही. माझ्या धाकट्या भावाला ताप चढला. नुकतं कुठं बोलायला लागलेलं पोर ते. तापात कोनाड्याकडे बोट करून किंचाळायचा, "डोये नाई! डोये नाई!" त्याला दुसऱ्या खोलीत निजवलं, तरी भिंतीकडे बोट करून तेच. वैद्याचा काढा चालू होता, उतार पडेना. बायका दारात येऊन कुजबुजायच्या, अर्धी ठेवलेली देवी घरातलं पोर मागते. मायनं आत्याला डोळे रेख असं म्हटलं नाही. रेखू नको असंही म्हटलं नाही. आत्या समोर आली की ती पोराच्या कपाळावरची ओली पट्टी उगाच बदलत बसायची.

एका दुपारी आत्यानं काजळाची डबी काढली. मी धावत जाऊन तिचं मनगट धरलं.

"नको व आत्या. थे लोक येतीन."

"येऊ दे. पोरगं भिऊन राह्यलं."

तिनं माझी बोटं एकेक करून सोडवली. काडी काजळात बुडवली. डोळे मोठे झाले, लांब आणि हसरे. मग तिनं भावाला कडेवर घेऊन कोनाड्यापाशी नेलं. "पाह्य रे राजा, आले डोये." त्यानं टक लावून पाहिलं, तिच्या खांद्यावर मान टाकली आणि झोपला. ताप कधीतरी उतरणारच होता, काढा लागू पडला असेल, असं मी आता म्हणते. तेव्हा तसं म्हणायची कुणाची छाती नव्हती.

बाबांनी सासरी कळवलं नाही. पण अकोल्याकडे जाणारे गाडीवान आमच्याच ओट्यावर पाणी प्यायचे, त्यांच्या तोंडावर हात कोण ठेवणार? छकडा आला. आत्यानं स्वतःच्या हातांनी भुलाबाई ओढ्यात सोडली आणि ओल्या पायांनी गाडीत बसली. मला म्हणाली, "पुढच्या सालची माती चाळून ठेव. डोये मी येऊन रेखीन."

वेचणी सरायच्या आत भासरा पुन्हा आला. अंगणातच उभा राहिला, डोक्याचं मुंडासं हातात. पटकीनं गेली, म्हणाला. माय त्याच्या तोंडाकडे पाहत राहिली. ते खरं असेल, खोटं असेल, आम्हाला कोण सांगणार? तिला आम्ही शेवटचं पाहिलंही नाही.

मी माती चाळून ठेवली होती. पुढच्या भादव्यात मायनं मूर्ती केली, ओबडधोबड. काडी काजळात बुडवली आणि तशीच बाजूला ठेवली. "राहू दे. थे म्हणाली होती, मी येऊन रेखीन."

तेव्हापासून आमची भुलाबाई बिनडोळ्यांची. मी सासरी आले तरी ती रीत घेऊन आले. यंदा मोर्शीकडची नवी सून घरात आली आहे. मोठी हौशी पोर. डोळे विसरले असतील म्हणून ती काजळ आणि काडी घेऊन कोनाड्यापुढं बसली. मी तिच्या हातातून काडी हिसकावली, काजळ तिच्या नव्या लुगड्यावर सांडलं. पोर घाबरून रडायला लागली. तिला जवळ घेतलं आणि तिच्या लुगड्यावरचं काजळ पुसत बसले.

त्या कोऱ्या तोंडाची मला आता भीती वाटत नाही. भीती वाटते ती कुणी डोळे रेखील याची. डोळे रेखले की भुलाबाई आली, आणि ती आली की दारात छकडा येतो.