मुंजाजीला बोलवा

आमच्या नाटक मंडळीची लॉरी भुजंग चालवायचा. जिंतूर तालुक्यातल्या बोरीचा. पडदे, पेट्या, दाढी-मिशांचं सामान आणि त्या सगळ्यावर बसलेले आम्ही नट, असा संसार घेऊन त्यानं मराठवाडा पालथा घातला. स्टेजवर तो कधी चढला नाही, पण विंगेत उभं राहून राहून सगळ्यांची भाषणं त्याला पाठ झाली होती. एखादा नट अडला की हा हळूच शब्द पुरवायचा. इतकं रंगून नाटक पाहणारा माणूस मला पुढं भेटला नाही.

मंडळी १९८१ साली बंद पडली. मी परभणीत घरी बसलो. भुजंग काही वर्षं मालट्रकवर फिरला आणि मग दुबईला एका ठेकेदाराकडे ड्रायव्हर म्हणून गेला. सुट्टीवर आला की बोरीला जायच्या आधी माझ्या दारात. १९९२ च्या सुट्टीत त्यानं मला कासाबाईच्या फोनची गोष्ट सांगितली.

त्याच्या मालकाकडे विटेएवढा मोबाइल फोन होता. आम्ही तेव्हा असली वस्तू पाहिलीही नव्हती. गाडीत तो भुजंगच्या शेजारी ठेवलेला असायचा आणि वाजला की भुजंगनंच उचलायचा, असा हुकूम. एक दिवस वाजला. भुजंग "हॅलो" म्हणाला, तर पलीकडून बाईचा खणखणीत आवाज.

"मुंजाजीला बलवा."

"कोण मुंजाजी? माय, राँग नंबर हाय हा."

मराठीत बोललो तिथंच फसलो, असं भुजंग म्हणायचा.

"माझा ल्योक. मेंढरं राखायला आलाय तिकडं. बलवा, मी धरून बसते."

"अवं, मी गाडीत हाय."

"मंग उबी करा की गाडी."

"माय, ही दुबई हाय."

"मला बी दुबईच पायजे. कुणाचे तुमी?"

"बोरीचा. भुजंग."

"बोरी म्हंजी जिंतूरची? मंग आपलेच की. आपल्या माणसानं एवढं करू नये व्हय?"

कासाबाई राणीसावरगावची. मुंजाजीला दुबईला धाडणाऱ्या एजंटानं दिलेल्या चिठ्ठीवरचा एक आकडा पुसट झालेला, आणि गंगाखेडचा बूथवाला तो आपल्या अंदाजानं वाचून दरवेळी तसाच फिरवायचा. पण राँग नंबर हे तिला पटायचंच नाही. त्यात तिची चूक म्हणता येत नाही. आमच्याकडे फोन एका दुकानात आणि माणसं साऱ्या गल्लीत, हीच रीत. आमच्या मंडळीच्या छापील कार्डावरसुद्धा समोरच्या औषधाच्या दुकानाचा नंबर होता, पुढं पी.पी. लिहिलेला. फोन आला की दुकानदार गडी पाठवायचा आणि आम्ही चेहऱ्याचा रंग न पुसता धावायचो. फोन उचलणाऱ्यानं हव्या त्या माणसाला बोलावून आणायचं असतं, एवढं कासाबाईला ठाऊक होतं. नाही म्हणणारा माणूस तिच्या लेखी आळशी होता.

मग दर बाजाराच्या दिवशी तिचा फोन. "आज तरी उठतासा का?" म्हणून सुरुवात. एकदा मालक मागं बसलेला. तो हसत म्हणाला, "तेरी माँ है क्या?" दुसऱ्यांदा मात्र तो हसला नाही. परत ही बाई आली तर तू घरी, असं त्यानं सांगून टाकलं.

पुढच्या बाजारी ती म्हणाली, "मुंजाजीच्या बापाला लकवा मारलाय. डोळं दाराला लावून पडलाय. त्याला म्हणावं, येऊन जा." भुजंग म्हणाला, सांगतो. त्याच्या पुढच्या बाजारी तिनं विचारलं, "सांगितलं का?" मालक मागंच होता. भुजंगनं एका दमात उत्तर दिलं, "हां, सांगितलं. येतो म्हणला." त्यानंतर फोन आला नाही.

ही गोष्ट त्यानं मला माझ्या ओसरीवर सांगितली, कासाबाईच्या आवाजात, हातवाऱ्यांसकट. मी पोट धरून हसलो. मग माझ्यातला जुना नट जागा झाला. "गाडी उभी करा" नंतर थांब, लोकांना हसू दे, असं मी त्याला शिकवलं. आणि म्हणालो, "बापाचं आजारपण गाळ. तिथं हशा मोडतो. मालक दम देतो, तू म्हणतोस येतो म्हणला, संपलं."

त्यानं गाळलं. मुंजाजी शेवटी सापडला का, हे मी विचारलं नाही. तो शेवटचा फोन होऊन तेव्हा दोन महिने झाले होते. मुंजाजी देशी परतायला अजून सहा महिने अवकाश होता. गंगाखेड काय लांब आहे परभणीहून?

भुजंग पुन्हा आला तो १९९३ च्या डिसेंबरात. स्टँडसमोरच्या हॉटेलात आम्ही चहा घेत होतो. दोन-चार ओळखीचे जमले आणि मीच म्हणालो, "ती फोनची सांग." त्यानं सांगितली. मी शिकवलेल्या जागी थांबला, लोक हसले. शेजारच्या बाकावर मळकं धोतर नेसलेला एक माणूस बशीत चहा ओतून बसला होता. तो एकटा मात्र हसला नाही.

"ती कासाबाई आमच्या गावची," तो म्हणाला. "मी सटवाजी. तिच्या शेजारी ऱ्हातो."

"बरी हाय का म्हातारी?" भुजंगनं विचारलं.

"बरी म्हणायची. नवरा गेला. मुंजाजी आठ महिन्यांनी आला, तिच्यासाठी रेडिओ घिऊन. तिनं उंबरा चढू दिला न्हाई. बाप बलवायलाय म्हणून निरोप दिला, येतो म्हणलास, आन आला न्हाईस, म्हणली. त्यो म्हणला, कसला निरोप? बापाची आण घिऊन म्हणला. ती म्हणली, मेलेल्या बापाची आण घिऊ नको. सारं गाव बघत व्हतं. गेला मंग, त्यो गेलाच."

"गावात काही बोलू नका, मीच येऊन सांगतो," असं सटवाजीला म्हणून भुजंग चहा तसाच टाकून उठला.

"जायचं का?" रस्त्यात त्यानं मला विचारलं. मी म्हणालो, जाऊ. पण जानेवारीत मराठवाडा विद्यापीठाचं नामांतर झालं, काही दिवस गाड्यांचा भरवसा वाटेना. शेवटी फेब्रुवारीत निघालो, गंगाखेडला गाडी बदलून.

कासाबाई अंगणात चातीवर लोकरीचं सूत काढत बसली होती. मी समजलो होतो त्याहून बरीच लहानखुरी. भुजंगनं नाव सांगितलं तशी ती उठलीच.

"फोनवरचे? या, या. तुमचे लय उपकार झाले बघा. परक्या मुलखात माझा निरोप दिलात. पोरगंच तसलं निघालं, त्याला तुमी काय करणार?"

तिनं चहा ठेवायला सुनेसारखी लगबग केली. भुजंग म्हणाला, "चहा नको, माय. बसा." मग खाली बघून बोलला, "मी निरोप दिलाच न्हाई. मुंजाजीला मी कधी बघितलंच न्हाई."

"येतो म्हणला, आसं बोललात तुमी."

"बोललो. मालक गाडीत व्हता. फोन बंद व्हावा म्हणून बोललो."

तिनं चाती उचलली, सूत गुंडाळलं, बाजूला ठेवली.

"त्याचा बा त्या बोलण्यावर अठरा दिवस जगला," ती म्हणाली. "रोज इचारायचा, मोटार आली का." आणि दाराकडे बघत, "मंग पोरगं खरं बोलायलं व्हतं."

भुजंगनं तिच्या पायाला हात लावला. तिनं पाय मागं घेतले, रागानं नाही, घाईनं. डोक्यावर पदर घेतला आणि म्हणाली, "चला. गावासमोर हाकललं मी त्याला. गावासमोर सांगा."

मारुतीपुढच्या पारावर माणसं होतीच. सटवाजीनं आणखी चार बोलावली. भुजंग पाराखाली उभा राहून बोलला. कुठं थांबला नाही, आवाज बदलला नाही. बापाचं आजारपण सांगितलं, दोन्ही बाजार सांगितले, आपण काय बोललो ते शब्दाला शब्द सांगितलं. कासाबाई त्याच्या शेजारी उभी होती आणि मान हलवत होती, बरोबर आहे, असं.

तात्याराव नावाच्या म्हाताऱ्यानं विचारलं, "मंग आता मुंजाजी कुठं हाय?"

"निजामाबादच्या अंगाला गेला म्हणत्यात," सटवाजी म्हणाला. "ठावठिकाणा कुणालाच न्हाई."

भुजंग दुबईला परत गेला नाही. निजामाबादच्या वाटेवर ट्रक धरला आणि जमेल तिथं विचारत राहिला. मुंजाजी सापडला नाही. दर दिवाळीला तो राणीसावरगावला जायचा. कासाबाई त्याला कधी वाईट बोलली नाही, जेवायला घालायची. तेच सोसत नाही, असं तो मला सांगायचा.

त्या दिवशी पारावर त्यानं आपला वाटा कबूल केला. माझा वाटा मी सांगितला नाही. मी गर्दीत उभा होतो, आणि एका बाईनं मला विचारलं, "तुमी कोण?" मी म्हणालो, "मी नुसता सोबत आलोय."